सरणाचे वजन आणि आकड्याची झीज

मुंबई महापालिकेच्या एखाद्या स्मशानभूमीत प्रेत येऊन पोहोचले आणि डॉक्टरांचा दाखला पाहून कारकुनाने मृताचे नाव, वय व मृत्यूचे कारण नोंदवहीत उतरवून घेतले, की वखारीकडचा माणूस कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता काट्यावर लाकूड चढवू लागतो. आधी बुंध्याचे जाड ओंडके, मग मध्यम फांद्या, आणि काटा ठरलेल्या खुणेशी येईपर्यंत वरून टाकलेल्या ढलप्या, असा त्याचा नित्याचा क्रम असतो. दर प्रेतामागे 300 किलो लाकूड पालिकेने विनामूल्य द्यावयाचे असा तेथील शिरस्ता आहे. मृत मनुष्य गिरणीत राबत होता की गिरणीचा धनी होता, त्याच्या घरी पिवळी शिधापत्रिका होती की पांढरी, याची चौकशी त्या काट्यापाशी होत नाही. तिरडीचे बांबू, कडबा, मडके, सुतळी आणि पांढरे कापड रस्त्यापलीकडच्या दुकानातून पदरमोड करून आणावे लागते व त्यांचे भाव चढतच असतात. परंतु सरणाचे लाकूड तेवढे, बाजारात ते स्वस्त झालेले असो वा कडाडलेले असो, वजनाने जितकेच्या तितकेच मिळते.

या साध्या व्यवहारात राज्यकारभाराचे एक तत्त्व दडलेले आहे, आणि त्याचे मोल कळावयाचे तर ज्या राष्ट्रांनी अंत्यविधीसाठी वस्तू देण्याऐवजी पैसा देण्याची तजवीज केली त्यांचे दफ्तर थोडे चाळावे लागते. वस्तूच्या मापात दिलेले वचन टिकते. नाण्याच्या मापात दिलेले वचन, ते भाववाढीशी बांधून ठेवलेले नसेल तर, कोणी न मोडताही मोडते, आणि ते मोडले आहे हे प्रत्येक कुटुंबाला नेमके अशा दिवशी समजते की ज्या दिवशी त्याच्या अंगी तक्रार करण्याचे त्राण उरलेले नसते.

या विषयाचा सर्वांत दीर्घ आणि बोधप्रद इतिहास ब्रिटनचा आहे. 1832 च्या शरीरविच्छेदनविषयक कायद्याने, दरिद्राश्रमात मेलेल्या आणि कोणी हक्क न सांगितलेल्या माणसाचे प्रेत वैद्यकशाळांच्या हवाली करण्याची मोकळीक दिली, तेव्हापासून तेथील श्रमिकांच्या मनात सरकारी खर्चाने होणाऱ्या दफनाची जी धास्ती बसली ती पुढे कित्येक पिढ्या निघाली नाही. ज्या घरात मुलांच्या पायांत धड जोडे नसत त्या घरातूनही दफनाच्या विम्याचे चार पेनी आठवड्याच्या आठवड्याला न चुकता दिले जात, आणि दारोदार हिंडून ते वसूल करणाऱ्या माणसांच्या मेहनतान्यातच त्या पैशाचा मोठा वाटा खर्ची पडे. ही उधळपट्टी ज्याच्या डोळ्यांत खुपली तो विल्यम बेव्हरिज हा आपल्याकडच्या बंगाल इलाख्यातील रंगपूर येथे, एका सनदी न्यायाधीशाच्या घरी, 1879 साली जन्मला होता. 1942 च्या आपल्या सुप्रसिद्ध अहवालात त्याने असा युक्तिवाद केला, की मृत्यू ज्याअर्थी प्रत्येकाला अटळ आहे आणि त्याचा खर्चही प्रत्येक कुटुंबाला अटळ आहे, त्याअर्थी त्याची तरतूद सार्वत्रिक सामाजिक विम्यातच असावी. आणि प्रौढ व्यक्तीच्या अंत्यविधीसाठी त्याने 20 पौंड सुचवले.

1946 च्या कायद्याने ही सूचना उचलली आणि 1949 पासून मृत्यू-अनुदान या नावाने ते 20 पौंड मिळू लागले. 1948 मध्येच ज्यांनी निवृत्तीचे वय गाठले होते, म्हणजे मरणाच्या सर्वांत निकट जे होते, त्यांना मात्र या लाभातून वगळले होते. तो भाग सोडला तरी आरंभीची रक्कम साध्या दफनाच्या दृष्टीने अगदीच नगण्य नव्हती. 1958 मध्ये ती 25 पौंड झाली, 1967 मध्ये 30 पौंड झाली, आणि तेथेच थांबली. पुढील वीस वर्षांत ब्रिटनमधील किमती सुमारे सहापट चढल्या. म्हणजे 1967 च्या 30 पौंडांचे मोल राखावयाचे तर 1987 मध्ये सुमारे 190 पौंड द्यावयास हवे होते. या अवधीत मजूर पक्षाचेही सरकार आले आणि हुजूर पक्षाचेही आले. एकाने अनुदान कमी केले नाही, दुसऱ्यानेही केले नाही, दोघांनी त्या आकड्याला हात लावला नाही इतकेच. अखेर 1987 मध्ये ते बंद करण्यात आले तेव्हा त्याच्यासाठी फारसे कोणी रडले नाही, कारण तोपर्यंत त्यातून शवपेटीही येण्यासारखी राहिली नव्हती. प्रथम रक्कम क्षुल्लक होऊ द्यावयाची आणि नंतर ती क्षुल्लक आहे म्हणून रद्दबातल करावयाची, ही पद्धत इतकी निर्वेध आहे, की तिच्यापुढे उघड कपात करणारा अर्थमंत्री भोळा ठरावा.

जुन्या सार्वत्रिक अनुदानाच्या जागी जे साहाय्य आले ते फक्त निर्धनांसाठी होते. त्यासाठी अर्जदार स्वतः ठरावीक सरकारी भत्त्यांपैकी एखादा घेणारा असला पाहिजे, मृताशी त्याचे नाते असे असले पाहिजे की जबाबदारी त्याच्याकडेच यावी, आणि दुसरा कोणी तितकाच निकटचा व सुस्थितीतील आप्त असता कामा नये. या अर्जाचा नमुना ‘एसएफ 200’ या नावाने ओळखला जातो. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुढ्यात घेऊन बसलेल्या मुलीला आपल्या भावंडांची मिळकत काय, त्यांना कोणते भत्ते मिळतात, त्यांचे आईशी येणेजाणे होते की अबोला होता, याची उत्तरे लिहावी लागतात. ज्या कौटुंबिक जखमेवर निदान त्या आठवड्यात तरी कोणी बोट ठेवू नये, तिच्यासाठी कागदावर रकाना आखलेला असतो. मंजुरी बहुधा दफनाचे बिल झाल्यानंतर येते, म्हणजे अंत्यविधी ठरवताना साहाय्य मिळेल की नाही हे तिला निश्चित ठाऊक नसते. मृताच्या मागे काही पैसा निघाला तर दिलेली रक्कम त्यातून परतही घेतली जाते.

परंतु आपल्या विवेचनाच्या दृष्टीने या योजनेतील खरी महत्त्वाची गोष्ट तिच्या रचनेत आहे. साहाय्याचे दोन भाग केलेले आहेत. दफनभूमीचे किंवा दाहगृहाचे शुल्क, आवश्यक दाखल्यांचा खर्च आणि दूरच्या अंतरावरून प्रेत आणण्याचा खर्च हा पहिला भाग, आणि तो प्रत्यक्ष जितका होईल तितका दिला जातो. तेथे कायदा वस्तूकडे पाहतो. अंत्यविधी पार पाडणाऱ्या व्यावसायिकाचे मानधन, शवपेटी, शववाहिनी, धर्मगुरूची दक्षिणा आणि फुले हा दुसरा भाग, आणि त्याला एकठोक मर्यादा आहे. तेथे कायदा आकड्याकडे पाहतो. ही मर्यादा 2003 मध्ये 700 पौंड झाली आणि पुढील सतरा वर्षे तशीच राहिली. दाहगृहांनी आपले शुल्क वाढवले त्याबरोबर पहिला भाग आपोआप वाढत गेला. दुसरा भाग मात्र तसाच थिजून राहिला. एकाच कायद्यात, एकाच अर्जावर, शेजारी शेजारी छापलेले हे दोन भाग म्हणजे या प्रश्नावरचा एक आयता प्रयोगच होय.

त्या प्रयोगाचे फळ आकड्यांत असे दिसते. सनलाइफ या विमा कंपनीच्या पाहणीनुसार साध्या अंत्यविधीचा सरासरी खर्च 2004 मध्ये 1,920 पौंड होता आणि 2019 मध्ये तो 4,417 पौंडांवर गेला. पहिल्या वर्षी 700 पौंड हा एकूण खर्चाच्या तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा होता. शेवटच्या वर्षी तो षष्ठांशाहूनही कमी भरला. संसदेच्या संबंधित समितीने, फ्रँक फील्ड अध्यक्ष असताना, 2016 मध्ये मृतांच्या आप्तांना मिळणाऱ्या साहाय्याचा परामर्श घेऊन सरकारपुढे याच विसंगतीचा पाढा वाचला. यावर सरकारी बाजूचे म्हणणे असे, की ही रक्कम संपूर्ण खर्चासाठी नसून खर्चातील वाटा म्हणून आहे, आणि ती वाढवली तर व्यावसायिक आपले दर तितकेच चढवतील. हा आक्षेप वरकरणी सयुक्तिक वाटतो. कारण मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे लोक जगात सर्वत्र आहेत आणि शोकाकुल गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही. परंतु तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणानेच 2018 मध्ये असे दाखवले, की अंत्यविधीच्या आवश्यक बाबींच्या किमती आधीच्या दहा वर्षांत दोन तृतीयांशांहून अधिक वाढल्या, सर्वसाधारण महागाईच्या जवळजवळ तिप्पट वेगाने. आणि ती दहाही वर्षे साहाय्याचा आकडा निश्चल होता. आकडा गोठवून दर थोपले नाहीत. गरिबाने उचलावयाचा भार तेवढा वाढला.

एप्रिल 2020 मध्ये, महामारीच्या पहिल्या लाटेत, ही मर्यादा 1,000 पौंड करण्यात आली आणि तिची मोठी वाढ म्हणून वाखाणणी झाली. वास्तविक ग्राहक किंमत निर्देशांकाने हिशेब केला तर 2003 च्या 700 पौंडांचे 2020 मध्ये जवळजवळ 1,000 पौंडच होतात. म्हणजे सतरा वर्षांत जे खाऊन टाकले होते त्याची केवळ भरपाई झाली, आणि तीही पुढच्या वर्षांसाठी. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून आईबापांना पोहोचवले त्यांच्या पदरात त्यातले काही पडले नाही. त्यानंतरच्या तीव्र भाववाढीत इंग्लंड व वेल्समधील तो नवा आकडाही पुन्हा गोठलेलाच आहे आणि 2024 पर्यंत त्याच्या मोलाचा सुमारे पाचवा हिस्सा विरून गेला होता. दरम्यान, आप्तांच्या उपस्थितीशिवाय आणि कोणत्याही विधीशिवाय, साधारण दीड हजार पौंडांत उरकले जाणारे परभारे दहन तेथे झपाट्याने रूढ झाले आहे. काही जण ते मनाने पत्करतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्यापाशी दुसरा मार्गच नाही त्याच्या बाबतीत, बापाच्या पेटीला खांदा द्यावयास मिळावा की नाही याचा निर्णय धर्माने किंवा कुळाचाराने न होता एका जुन्या नियमातील संख्येने होतो.

हे असेच व्हावे असा काही निसर्गनियम नाही, हे त्याच बेटाच्या उत्तर भागाने दाखवून दिले. स्कॉटलंडकडे हा अधिकार आल्यावर तेथील 2018 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अंत्यविधीच्या साहाय्यात दरवर्षी महागाईनुसार वाढ करण्याचे बंधन मंत्र्यांवर घातले. सप्टेंबर 2019 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा आकडा 700 पौंडांचाच होता. 2020 मध्ये तेथेही तो 1,000 पौंड झाला, पण तेथे तो गोठला नाही; दरवर्षी वाढत 2024 मध्ये तो 1,250 पौंडांपलीकडे गेला, आणि त्या वार्षिक वाढीसाठी कोणाला मोर्चा काढावा लागला नाही की समितीपुढे साक्ष द्यावी लागली नाही. कायद्यातील एका वाक्याने जे साधले ते शेजारच्या राज्यात अनेक अहवालांनी साधले नव्हते.

आणखी एक दाखला अधिक करुण आहे. कॅरोलिन हॅरिस या संसदसदस्येचा आठ वर्षांचा मुलगा 1989 मध्ये गेला, आणि त्याच्या दफनासाठी तिला कर्ज काढावे लागले होते. तिने पुढे नेटाने चालवलेल्या मोहिमेतून 2019 च्या जुलैमध्ये इंग्लंडात अठरा वर्षांखालील मुलांसाठी अंत्यविधी-निधी सुरू झाला. दफनाचे वा दहनाचे शुल्क आईबापांकडून घेऊ नये, आणि त्यांची मिळकतही विचारू नये, अशी ही उदार योजना आहे. तरीही पेटीच्या खर्चासाठी तिच्यात 300 पौंडांची कमाल मर्यादा लिहून ठेवलेली आहे. शुल्क माफ करताना कायद्याने वस्तू दिली, पेटीपाशी येताच तो पुन्हा आकड्यावर घसरला.

अटलांटिकपलीकडे गेले तर हाच प्रकार अधिक ठसठशीतपणे दिसतो. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत मृत्यूनंतर द्यावयाची रक्कम निवृत्तिवेतनाच्या तिप्पट ठरलेली होती; 1954 मध्ये तिला 255 डॉलरांची कमाल मर्यादा घातली गेली, आणि हीच मर्यादा आजही कायम आहे. त्या वर्षीचे 255 डॉलर म्हणजे 2024 च्या मोलाने सुमारे 3,000 डॉलर होतात. आणि तेथील अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2023 मध्ये दर्शनासह दफनाचा मध्यम खर्च 8,300 डॉलर दिला आहे. मौज अशी, की त्याच कायद्यातील निवृत्तिवेतन 1975 पासून दरवर्षी महागाईबरोबर आपोआप वाढते. जिवंतांच्या कलमाला चाके लावली आणि मृतांचे कलम खुंट्याला बांधून ठेवले. 1981 मध्ये तर ही रक्कम मृताच्या सहचरास किंवा पात्र अपत्यासच मिळावी असे ठरून, एकाकी मनुष्याला मूठमाती देणाऱ्या पुतण्याला वा शेजाऱ्याला तीही मिळेनाशी झाली. मग 2021 मध्ये महामारीत मेलेल्यांसाठी त्याच सरकारच्या आपत्ती-निवारण खात्याने एका अंत्यविधीस 9,000 डॉलरांपर्यंत साहाय्य दिले. खरा खर्च किती येतो हे सरकारला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून उरली नाही. कॅनडात याहून उलटा प्रवास झाला: तेथे 1997 पर्यंत ही रक्कम वेतनमानाशी बांधलेली असल्याने तिची मर्यादा 3,580 डॉलरांपर्यंत चढली होती, 1998 मध्ये ती दोरी कापून आकडा 2,500 वर स्थिर करण्यात आला. जे चालत होते तेही जाणूनबुजून थांबवता येते, याचे हे उदाहरण होय.

आपल्याकडची स्थिती काय आहे? आपल्या राज्यकर्त्यांनी अंत्यविधीचा खर्च असा स्वतंत्र विषय क्वचितच मानला. तो बहुधा दुसऱ्या एखाद्या योजनेच्या पोटात सामावलेला असतो. कामगार राज्य विमा महामंडळ विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीसाठी 10,000 रुपये देत असे, ते 2018 मध्ये 15,000 करण्याचे ठरले. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळाच्या योजनांत नोंदित कामगाराच्या अंत्यविधीसाठी 10,000 रुपयांची तरतूद आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा कर्ता गेला तर मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभाचे साहाय्य हे नावाने अंत्यविधीचे नव्हे, परंतु त्याकडे डोळे लावून उसनवारी करणारी घरे थोडी नाहीत. 1995 मध्ये सुरू झालेल्या या योजनेची रक्कम 2012 मध्ये 20,000 रुपये झाली आणि त्यानंतर तिच्यात केंद्राने भर घातलेली नाही, जरी याच अवधीत ग्राहकांच्या किमतींचा निर्देशांक दुपटीच्या जवळ जाऊन पोहोचला. आणि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. स्कॉटलंडने जे केले ते आपल्याला अपरिचित आहे असे नाही. महागाई भत्ता हा शब्द आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, आणि केंद्र सरकारच्या नोकरांना तो वर्षातून दोनदा, जानेवारीपासून व जुलैपासून, वाढवून मिळतो. तहसील कचेरीत ज्या टेबलावर विधवेचा अर्ज येतो, त्या टेबलामागच्या माणसाचे वेतन महागाईबरोबर सरकते, आणि ते सरकावे हे न्याय्यच आहे. परंतु टेबलावरच्या कागदातील आकडा मात्र ज्या साली छापला त्या सालातच उभा असतो. उपाय माहीत नाही असे नव्हे, तो या बाजूला लावावा असे कोणाला वाटले नाही.

का वाटले नाही, याचे उत्तर माणसांच्या दुष्टपणात शोधण्याचे कारण नाही. वेतन, निवृत्तिवेतन, हमीभाव यांच्यासाठी भांडणारे लोक संघटित असतात, कारण त्यांची गरज दर महिन्याला, दर हंगामाला जिवंत असते. अंत्यविधीची गरज एका कुटुंबाला दहावीस वर्षांतून एकदा लागते, ती तीन दिवसांत निपटावी लागते, आणि तेराव्यानंतर ज्याला त्याला आपापल्या कामावर जावयाचे असते. मृत मतदार राहत नाही. आणि शोक ओसरल्यावर पुन्हा त्या कचेरीची पायरी चढावी असे कोणाच्याच मनात येत नाही. म्हणून या बाबतीत सरकारवर कोणाचाही तगादा नसतो, आणि ज्या रकमेमागे तगादा नाही ती रक्कम अर्थसंकल्पाच्या कागदातून न खोडता नाहीशी होते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे काळाऐवजी खजिना सोकावतो, कारण प्रत्येक वर्षाच्या मौनातून त्याची थोडी बचत होते आणि ती बचत कोणाच्या नावावर लिहिली जात नाही.

यावर कोणी असे म्हणेल, की मग सर्वत्र वस्तूच द्यावी. हे पुरते खरे नाही. ब्रिटनमध्ये ज्याला कोणी नाही त्याचे दफन वा दहन स्थानिक संस्थेने करावे असा 1984 च्या कायद्याचा दंडक आहे; तेही वस्तुरूप साहाय्यच आहे, परंतु दरिद्राश्रमाची छाया त्याच्यावरून अजून पुरती हटलेली नाही. वस्तू फक्त नाचारालाच मिळते असे ठरले, की ती घेणाऱ्याच्या कपाळी शिक्का बसतो. मुंबईतील लाकडाला तो शिक्का नाही, याचे कारण ते लाकूड आहे हे नसून ते सर्वांना मिळते हे आहे. शिवाय वस्तूलाही तिची झीज असते: लाकूड ओले निघते, दफनभूमीला जागा पुरेनाशी होते, खेड्यातील स्मशानाचे छप्पर उडालेले असते आणि पावसाळ्यात सरणावर पत्रे धरून उभे राहावे लागते. आणि तिरडी, पेटी, प्रवास, दिवसकार्य हे सारे वखारीत साठवून देता येत नाही. तेथे पैसाच द्यावा लागतो.

तेव्हा साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष असा निघतो, की जे देता येण्यासारखे आहे ते वस्तुरूपाने आणि सर्वांना द्यावे, आणि जेथे पैसा देणे भाग आहे तेथे तो महागाईशी बांधावा. यापुढे जाऊन एक लहानशी सूचना करावीशी वाटते. कायदा करणाऱ्यांनी अशा कलमात रक्कम लिहिताना ती कशासाठी आहे हेही शेजारी लिहून ठेवावे: एक साधी पेटी, एक शववाहिनी, इतके लाकूड, इतक्या माणसांचा स्मशानापर्यंतचा प्रवास. 20 पौंड किंवा 20,000 रुपये हा आकडा वाचून तीस वर्षांनंतरच्या अधिकाऱ्याला काहीच बोध होत नाही, आणि तो बेदिक्कत त्यावर सही करतो. पण शेजारी पेटी लिहिलेली असेल, आणि त्या रकमेत आता पेटीचे झाकणही येत नसेल, तर निदान ती गोष्ट त्याला सही करण्यापूर्वी वाचावी लागेल.